डोक्याला मुका मार

अपघातानंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात ताटकळणाऱ्या नातेवाइकांना पहिला दिलासा मिळतो तो बहुधा असा : ‘फ्रॅक्चर नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्ताची गाठ दिसत नाही.’ ऐकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग तास उलटतात, दिवस उलटतो, तरी पेशंट डोळे उघडत नाही. कधी उघडतो, बोलू-चालू लागतो, घरी येतो. आणि महिन्याभराने घरच्यांच्या ध्यानात येतं की काहीतरी बिनसलं आहे. दुकानाचा हिशेब जुळत नाही. भाजी आणायला गेलेला माणूस काय आणायचं ते विसरून रिकाम्या पिशवीने परततो. एरवी कोणाला अरे-तुरे न करणारा गृहस्थ भरल्या ताटावरून भांडून उठतो. स्कॅनचा कागद मात्र अजूनही ‘नॉर्मल’च सांगत असतो.

हाड मोडलं नाही, रक्त साकळलं नाही, मग बिघडलं काय आणि कुठे? मेंदूविज्ञानाला या प्रश्नाचं उत्तर सापडायला जवळपास अर्धं शतक लागलं.

डोक्याला मार लागून माणूस बेशुद्ध पडतो आणि अंगावर कसलीही खूण नसताना दगावतो, हे वैद्यांना शेकडो वर्षं माहीत होतं. पण शवविच्छेदन करणारे शोधत ते नुसत्या डोळ्यांना दिसेल तेच : फुटलेलं हाड, साठलेलं रक्त, चेंगरलेला भाग. यातलं काहीच मिळालं नाही, तर ‘मेंदूला हादरा बसला’ असं लिहून कागद मिटत. हादरा बसतो म्हणजे आत नेमकं काय होतं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

मोटारसायकलवरचे मृत्यू

१३ मे १९३५. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या एका अरुंद रस्त्यावरून ब्रफ सुपीरियर मोटारसायकल वेगाने चालली होती. समोर सायकलवरून जाणारी दोन मुलं अचानक दिसली. त्यांना वाचवायला चालकाने गाडी वळवली आणि तो रस्त्यावर फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. हा चालक म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगभर गाजलेला टी. ई. लॉरेन्स. सहा दिवस बेशुद्ध राहून वयाच्या ४६व्या वर्षी तो वारला. त्याला तपासायला ज्या डॉक्टरांना बोलावलं होतं, त्यांत ह्यू केर्न्स हे न्यूरोसर्जन होते.

केर्न्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आले, पुढे बोस्टनला जाऊन हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली मेंदूची शस्त्रक्रिया शिकले आणि १९३७ मध्ये ऑक्सफर्डला सर्जरीचे प्राध्यापक झाले. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजच्या इमारतीत डोक्याच्या जखमांसाठी खास लष्करी रुग्णालय उघडलं गेलं, त्यामागेही तेच होते. तिथे येणाऱ्या जखमींमध्ये त्यांना एक गोष्ट खटकू लागली. रणांगणावर न जाताच मरणाऱ्या सैनिकांत मोटारसायकलवरून निरोप पोहोचवणारे जवान फार होते. हवाई हल्ल्यांच्या भीतीने रस्त्यांवर काळोख, गाड्यांचे दिवे झाकलेले आणि डोकी उघडी.

१९४१ मध्ये केर्न्स यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आकडे मांडले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर मोटारसायकल चालवणारे आणि मागे बसणारे मिळून २,२७९ जण मेले होते. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्यांना सगळे मिळून सातच सापडले आणि ते सातही वाचले होते. सातावरून नियम बांधणं धाडसाचं होतं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लष्कराने कामावरच्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये केर्न्स यांनी महिन्यागणिक मृत्यूंचा आलेख छापला, तेव्हा सक्तीनंतरची उतरण स्वच्छ दिसत होती. पेट्रोलच्या टंचाईने रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या होत्या, हेही त्यातलं एक कारण. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये हा कायदा यायला मात्र १९७३ साल उजाडलं. केर्न्स १९५२ मध्येच गेले होते.

हेल्मेटने जीव वाचतात हे आकड्यांवरून दिसत होतं. पण एक कोडं उरलंच होतं. कवटी फुटलेले काही जवान महिन्याभरात हसत-बोलत घरी जात आणि कवटीला चराही न गेलेले काही कधीच शुद्धीवर येत नसत.

जिलेटिनचं डोकं

त्याच ऑक्सफर्डमध्ये केर्न्स यांच्यासोबत काम करणारे ए. एच. एस. हॉलबोर्न हे डॉक्टर नव्हते. ते भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यामुळे त्यांनी रुग्णाकडे पाहण्याऐवजी मेंदू या पदार्थाकडे पाहिलं.

दीडेक किलोचा हा अवयव ताजा असताना हाताला मऊ खरवसासारखा लागतो. हॉलबोर्न यांनी विचार केला तो असा. मेंदूत बहुतांश पाणीच असल्याने चहूबाजूंनी सारखा दाब दिला तर तो आकसत नाही. पाणी दाबून लहान होत नाही तसंच. मात्र त्याचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला फारसा जोर लागत नाही. म्हणजे दाबाने त्याचं काही बिघडत नाही, थर सरकले की बिघडतं. आता डोकं नुसतं सरळ रेषेत पुढे गेलं, तर कवटीत घट्ट भरलेला मेंदू तिच्याबरोबर जातो, थर फारसे सरकत नाहीत. पण डोकं झटक्यात फिरलं, म्हणजे मान एका बाजूला हिसडली गेली, की कवटी आधी वळते आणि आतला मऊ ऐवज मागे राहतो. बाहेरचा थर एका गतीने, आतला दुसऱ्या गतीने. त्या ओढाताणीत आतल्या आत कातर बसते.

हे तपासायला त्यांनी कवटीच्या छेदाच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरलं, त्याला झटक्यात गोल फिरवलं आणि ध्रुवित प्रकाशात छायाचित्रं घेतली. ताण पडलेल्या जागा चित्रात उजळून निघाल्या. सर्वांत जास्त ताण दिसला तो कानशिलामागच्या भागाच्या पुढच्या टोकाशी. शवविच्छेदनात मेंदू खरचटलेला सापडे, त्याही नेमक्या याच जागा होत्या. हॉलबोर्न यांचा निबंध १९४३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सरळ रेषेतल्या धक्क्याचा मेंदूला जवळजवळ त्रासच नाही, हे त्यांचं म्हणणं पुढे जरा टोकाचं ठरलं. पण फिरण्याचा मुद्दा टिकला.

दोन वर्षं आधी डेरेक डेनी-ब्राउन आणि रिची रसेल यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनही असाच इशारा मिळाला होता. डोकं घट्ट आवळून धरून तडाखा दिला तर प्राण्याची शुद्ध हरपत नसे. तेच डोकं मोकळं ठेवलं तर तेवढ्याच तडाख्याने हरपे. १९४६ मध्ये अमेरिकेत पुडेन्झ आणि शेल्डन यांनी माकडांच्या कवटीचा वरचा भाग काढून तिथे पारदर्शक ल्युसाइटचं झाकण बसवलं आणि वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. कवटी फिरते आणि मेंदू मागून येतो, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. आता खऱ्या माणसाच्या मेंदूत या ओढाताणीची खूण सापडायला हवी होती.

स्ट्रिच यांचे पाच मेंदू

ती खूण शोधली साबिना स्ट्रिच यांनी. त्या मेंदूच्या पॅथॉलॉजिस्ट होत्या, म्हणजे त्यांचा संबंध यायचा तो मृत्यूनंतर. १९५६ मध्ये त्यांनी पाच रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचही जणांना अपघातात डोक्याला मार लागला होता. पाचही जण त्या क्षणापासून भानावर असे आलेच नाहीत. हातपाय ताठरलेले, ओळख नाही, बोलणं नाही, अशा अवस्थेत कित्येक महिने जगून ते गेले. तरीही मेंदूवर दाब आणणारी मोठी रक्ताची गाठ किंवा त्यांच्या दशेला जबाबदार धरता येईल अशी ठळक जखम त्यांच्यात नव्हती. वरून पाहिलं तर मेंदू बऱ्यापैकी शाबूत होते.

स्ट्रिच यांनी पातळ काप घेतले आणि ऱ्हास पावणारं आवरण काळं दिसेल अशी रंगप्रक्रिया केली. मेंदूचा करडा, पेशींचा थर बराचसा ठीक होता. बिघाड होता त्याखालच्या पांढऱ्या भागात. हा पांढरा भाग अक्षतंतूंचा बनलेला असतो. प्रत्येक मज्जापेशीतून निघालेला हा धागा केसापेक्षा कितीतरी बारीक, पण लांबीला काही सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोहोचवणारा. या पाच मेंदूंत असे असंख्य धागे दोन्ही बाजूंना, दूरदूरपर्यंत नष्ट झाले होते. पेशी जिवंत होत्या, पण त्यांचा आपसांतला संबंध संपला होता.

१९६१ मध्ये त्यांनी अशा २० रुग्णांची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. त्यांत अपघातानंतर थोडेच दिवस जगलेलेही होते, आणि त्यांच्या मेंदूंत स्ट्रिच यांना तुटलेल्या धाग्यांच्या टोकांशी बारीक गोळे दिसले. तुटलेला अक्षतंतू आखडून असा गोळा तयार होतो, हे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी फार पूर्वी दाखवून दिलं होतं. स्ट्रिच यांचा निष्कर्ष सरळ होता : अपघाताच्या क्षणी मेंदूच्या थरांची ओढाताण झाली आणि धागे तिथल्या तिथे तुटले. हॉलबोर्न यांच्या जिलेटिनमध्ये जे उजळलं होतं, ते इथे काचपट्टीवर दिसत होतं.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. काही पॅथॉलॉजिस्टांचं म्हणणं पडलं की हा सगळा नंतरचा परिणाम आहे : मेंदूला सूज आली, प्राणवायू कमी पडला, म्हणून तंतू मेले, धक्क्याशी त्याचा थेट संबंध नाही. मेलेल्या माणसाच्या मेंदूवरून हा वाद मिटण्यासारखा नव्हता, कारण अपघात आणि मृत्यू यांच्यामध्ये काय काय घडलं ते वेगळं काढता येत नव्हतं.

आघाताशिवाय कोमा

वाद मिटवणारा प्रयोग १९८२ मध्ये आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठातले न्यूरोसर्जन थॉमस जेनरेली आणि अभियंते लॉरेन्स थिबॉ यांनी एक यंत्र बनवलं. भूल दिलेल्या माकडाचं डोकं त्यात बसवलं की ते सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागात ६० अंशांतून फिरे. डोक्यावर कशाचाही तडाखा नाही, कुठे आपटणं नाही. नुसतं फिरणं. अशी ४५ माकडं त्यांनी तपासली.

डोकं पुढे-मागे हललं, तर माकडं थोडाच वेळ बेशुद्ध राहत. तिरपं फिरलं तर जास्त. डावीकडून उजवीकडे झटकलं गेलं, तर दीर्घ कोमात जात. मेंदूंची तपासणी ग्लासगोचे ह्यूम ॲडम्स आणि डेव्हिड ग्रॅहम यांनी केली. कोमा जितका लांबलेला, तितके अक्षतंतू जास्त नष्ट झालेले, आणि नमुना हुबेहूब स्ट्रिच यांनी माणसांत पाहिलेला. आजही एमआरआयच्या रिपोर्टमध्ये जी अक्षरं दिसतात ती ‘डीएआय’, म्हणजे डिफ्यूज ॲक्सोनल इंज्युरी, हे नाव या कामातून रूढ झालं. ॲडम्स यांनी पुढे तिच्या तीन पायऱ्या लावल्या : फक्त गोलार्धांच्या पांढऱ्या भागात असलेली, दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यापर्यंत गेलेली, आणि मेंदूच्या देठापर्यंत पोहोचलेली. श्वास आणि जागेपण सांभाळणारी केंद्रं देठात असल्याने तिसरी पायरी सर्वांत वाईट.

या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, हा हिशेबही इतिहासात नोंदला गेला आहे. १९८४च्या मे महिन्यात प्राणिमुक्तीवादी गट या प्रयोगशाळेत घुसला आणि संशोधकांनीच केलेल्या चित्रणाच्या साठेक तासांच्या टेप उचलून घेऊन गेला. त्यांतून केलेल्या लघुपटात बबून माकडांशी चाललेला निष्काळजी व्यवहार आणि थट्टामस्करी अमेरिकेने पाहिली. आंदोलनं झाली, १९८५ मध्ये सरकारने निधी थांबवला आणि प्रयोगशाळा बंद पडली. प्रयोगांतल्या प्राण्यांबाबत अमेरिकेत जे नियम कडक झाले, त्यांच्यामागे या प्रकरणाचाही हात होता.

तुटण्याआधी काय होतं

स्ट्रिच यांचं एक अनुमान मात्र बदलावं लागलं, आणि ते बदलल्याने डॉक्टरांना आशा वाटू लागली. व्हर्जिनियातले जॉन पोव्हलिशॉक यांनी १९८०च्या दशकात मांजरांच्या अक्षतंतूंमध्ये खुणेचं रसायन सोडून सौम्य आघातानंतर तासातासाला काय होतं ते पाहिलं. बहुतेक तंतू आघाताच्या क्षणी तुटतच नव्हते. आधी ते एखाद्या जागी अडखळत, मग तिथे फुगत आणि कित्येक तासांनी त्यांचे दोन तुकडे होत. माणसांत ही क्रिया दिवसभर किंवा त्याहूनही जास्त वेळ चालते, असं पुढे दिसलं.

फुगण्याचं कारणही कळलं. अक्षतंतूच्या आत सूक्ष्म नळ्यांची एक चौकट असते. पेशीच्या शरीरात बनलेली प्रथिनं या नळ्यांवरून टोकापर्यंत वाहून नेली जातात. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातच डग्लस स्मिथ यांनी ताणता येणाऱ्या पडद्यावर जिवंत अक्षतंतू वाढवले आणि ते ताणून पाहिले. हळू ताणले तर ते बऱ्याच लांबीपर्यंत सुखाने जातात. तेवढंच अंतर क्षणार्धात ताणलं तर ते ठिसूळ होतात. आतल्या नळ्या जागोजाग मोडतात आणि ताण सुटल्यावर तंतू नागमोडी होऊन बसतो. मोडलेल्या जागी प्रथिनं तुंबतात. त्याच वेळी तंतूच्या आवरणातली सोडियमची दारं उघडी पडून पाठोपाठ कॅल्शियम आत शिरतं, आणि ते तंतूची उरलीसुरली चौकट पोखरू लागतं. तुंबलेलं एक प्रथिन, एपीपी, रंगवून पाहायची पद्धत १९९०च्या दशकात आली. मृत्यू अपघातानंतर दोन-तीन तासांत झालेला असला, तरी इजा झालेला तंतू तिने ओळखता येऊ लागला.

म्हणजे इजा ही क्षणाची नाही, ती काही तास चालणारी क्रिया आहे. आणि चालू असलेली क्रिया थांबवता येईल, असं कोणालाही वाटणारच. औषधांच्या कंपन्यांना आणि डॉक्टरांनाही तसं वाटलं. सूज उतरावी म्हणून डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड देण्याची रीत कितीतरी देशांत होती. ती खरोखर उपयोगी आहे का, हे पाहायला ‘क्रॅश’ नावाची चाचणी सुरू झाली. २० हजार रुग्ण घ्यायचे होते. १०,००८ झाले आणि २००४ मध्ये ती थांबवावी लागली. स्टेरॉइड घेतलेल्यांत दोन आठवड्यांच्या आत २१ टक्के दगावले होते, न घेतलेल्यांत १८ टक्के. जगभर भल्यासाठी दिलं जाणारं औषध माणसं मारत होतं. प्रोजेस्टेरॉनसारखे पुढचे प्रयत्नही मोठ्या चाचण्यांत टिकले नाहीत. मोडलेले अक्षतंतू सांधणारं औषध आजही नाही. आहे ते एवढंच : श्वास आणि रक्तदाब सांभाळा, मेंदूवरचा दाब वाढू देऊ नका, गाठ असेल तर काढा, आणि मग महिनोन्‌महिने व्यायाम, वाचाउपचार, सराव.

पस्तीसच्या वेगाने जाताना

औषध नाही म्हटल्यावर नजर पुन्हा केर्न्स यांच्या हेल्मेटकडे वळते. मोटारसायकलच्या हेल्मेटवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी २००८ मध्ये झाली. हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो, असं तिच्यातून निघालं. हेल्मेटच्या आतला जाड थर स्वतः चेपला जातो, थांबायला डोक्याला थोडा जास्त वेळ मिळतो आणि झटका सौम्य होतो. फिरण्याचा झटका मात्र जुन्या चाचण्यांत मोजलाच जात नसे. हेल्मेट सरळ खाली टाकून पाहायचं, एवढंच. स्वीडनमध्ये न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि अभियंते पीटर हाल्दिन यांनी १९९०च्या दशकात हा धागा उचलला. हेल्मेटच्या आत थोडा सरकणारा पातळ थर बसवला, तर तिरप्या आपटण्यातलं फिरणं काही अंशी त्या थरातच जिरतं, ही त्यांची कल्पना ‘मिप्स’ या नावाने बाजारात आली. युरोपच्या नव्या मानकात, ईसीई २२.०६ मध्ये, हेल्मेट तिरपं आपटून बघण्याची चाचणी आता आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १२९ने दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी त्याची अंमलबजावणी कडक केली, तेव्हा सक्तीविरोधात मोर्चा निघाला. काहींनी डोक्यावर पुणेरी पगडी चढवली होती. विरोधकांचा नेहमीचा एक मुद्दा असा, की हमरस्त्यावर ठीक आहे, पण शहरात गाडी चालते तीस-पस्तीसने, तिथे कशाला? उत्तर शाळेतल्या गणिताने देता येतं. स्कूटरवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी जागेवर उभी असताना तोल गेला आणि डोकं तिथून सरळ खाली आलं, तरी रस्त्याला टेकताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. गाडीचा वेग यात धरलेलाच नाही. शिवाय माणूस पडतो तो आडवा-तिरपा, म्हणजे मान हिसडली जाणार हे ठरलेलं.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट न घातलेली ५०,०२९. पैकी १४,३३७ मागे बसलेली.

घरी परतलेला माणूस

जे वाचतात त्यांचं पुढे काय होतं, हे मोजायलाही कोणाला तरी आधी फूटपट्टी बनवावी लागली. १९७४ मध्ये ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी साध्या तीन गोष्टींना गुण दिले : डोळे कशाने उघडतो, बोलतो काय, सांगितल्यावर किंवा चिमटा घेतल्यावर हालचाल कशी करतो. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही आयसीयूत ‘जीसीएस किती?’ असं विचारलं जातं ते हेच. आठ किंवा कमी म्हणजे इजा गंभीर. तेरा ते पंधरा म्हणजे ‘सौम्य’.

रिची रसेल यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९३२ मध्ये, दुसरी एक फूटपट्टी सुचवली होती. रुग्ण डोळे कधी उघडतो हे पाहून भागत नाही. त्याला रोजच्या घटना सलग आठवायला कधी लागतात ते विचारा. काही जण शुद्धीवर येऊन गप्पा मारतात, चहा पितात, भेटायला आलेल्यांची चौकशी करतात आणि आठवड्याने त्यातलं त्यांना काहीही आठवत नाही. विस्मरणाचा हा पट्टा जितका लांब, तितकी पुढची वाट बिकट, हे त्यांचं निरीक्षण अजून वापरात आहे.

या वाटेवर काय भेटतं, ते अक्षतंतूंच्या नकाशावरून समजतं. मेंदूचा एखादा कोपरा गेला, तर एखादी ठरावीक क्षमता जाते : उजवा हात, किंवा बोलणं. इथे गेलेले असतात ते दूरवरच्या भागांना जोडणारे धागे, म्हणून एकच एक काही जात नाही, सगळंच मंदावतं. प्रश्न कळतो, पण उत्तराला वेळ लागतो. एका वेळी दोन गोष्टी जमत नाहीत. फोनवर बोलताना गॅसवरचं दूध उतू जातं. गर्दी आणि आवाज सोसवत नाहीत. कपाळामागच्या भागाचे धागे सैल झाले की राग आवरत नाही, कामाला सुरुवात करवत नाही. बुद्धीची चाचणी घेतली तर गुण बरे येतात, आणि म्हणून कार्यालयातले लोक ‘नाटकं करतोय’ म्हणतात. कुबडी नसते, प्लास्टर नसतं. रजा वाढवून मागायला दाखवण्यासारखं काही नसतं.

स्कॅन नॉर्मल का येतो, हेही यातून उलगडतं. सीटीला हाड आणि रक्त चांगलं दिसतं. हजारो ठिकाणी विखुरलेल्या सूक्ष्म इजा तिच्या नजरेत भरत नाहीत. एमआरआयच्या काही खास पद्धतींत बारीक रक्तस्राव टिपता येतात. दुसऱ्या एका पद्धतीत पाण्याचे रेणू कुठल्या दिशेने सरकतात ते मोजतात : शाबूत धाग्यांच्या जुडीत ते लांबीच्या दिशेने सरकतात, विस्कटलेल्या जुडीत वाटेल तसे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रक्ताच्या एका तपासणीलाही परवानगी दिली. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही मेंदूतून रक्तात झिरपलेली दोन प्रथिनं तिच्यात मोजतात आणि सौम्य मार लागलेल्या कोणाला सीटीची गरज आहे ते ठरवतात. धागे किती गेले हे मात्र ती अजून सांगू शकत नाही.

आणि धागे जायचे थांबतात कधी, या प्रश्नाने गेल्या काही वर्षांत सगळं चित्र पुन्हा हलवलं आहे. ॲडम्स आणि ग्रॅहम यांनी ग्लासगोत जपून ठेवलेले मेंदू व्हिक्टोरिया जॉन्सन, विलियम स्ट्युअर्ट आणि डग्लस स्मिथ यांनी पुन्हा उघडले. या वेळी त्यांनी निवडले ते एकाच अपघातानंतर वर्षानुवर्षं जगून दुसऱ्याच कशाने वारलेले लोक. २०१२ मध्ये त्यांनी अशा ३९ जणांचा अभ्यास छापला. जवळपास एक तृतीयांश मेंदूंत टाऊ प्रथिनाच्या गुंतागुंती विखुरलेल्या होत्या. अल्झायमरमध्ये सापडतात तशा या गुंतागुंती वयाच्या मानाने जास्त होत्या. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात दोन गोलार्धांना जोडणारा पट्टा रोडावलेला दिसला, आणि वर्षाहून अधिक जगलेल्यांपैकी २८ टक्के मेंदूंत दाहपेशी अजून कामाला लागलेल्या होत्या. एका रुग्णात तर अपघाताला १८ वर्षं उलटून गेली होती. हा एका धडकेचा हिशेब झाला. बॉक्सिंगच्या रिंगणात किंवा अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर वर्षाला शेकडो छोटे झटके खाणाऱ्या डोक्यांचं काय होतं, हा प्रश्न बॉक्सरांबाबत न्यू जर्सीतले हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच विचारला होता. त्याचं उत्तर बोस्टनच्या ॲन मकी यांनी एकेक मेंदू कापून कसं जमवलं, ते पुढच्या प्रकरणात.